बांधाबाहेरचं शेत

मी पत्रकांवर वाचायला शिकले. शाळेचं पुस्तक हातात यायच्या आधी बाबांच्या खिशातली घडी घातलेली, चार पानी पत्रकं हातात आली होती. रविवारी सकाळी आम्ही तिघं, आई-बाबा आणि मी, पेणहून गाडीने रोह्याला जायचो, तिथून चालत वरसेला, एका चाळीतल्या खोलीत. दहा-बारा माणसांची आमची मंडळी. भक्ती संपली की पाळक प्रत्येकाच्या हातात पत्रकांचा गठ्ठा द्यायचे. परतीच्या गाडीत आणि पेणच्या एसटी स्टँडवर बाबा ती वाटायचे. काही लोक घ्यायचे, काही त्यावर भजी ठेवून खायचे. बाबा म्हणायचे, तेल लागलं तरी अक्षरं वाचता येतात.

त्या पत्रकांची भाषा माझ्या रक्तात आहे. ती गोड बोलत नाही. ती रस्त्यात आडवी येते आणि विचारते, तू कोणाच्या बाजूला? मला दुसरी भाषा नीट येत नाही, आणि जे सांगायचं आहे त्याला दुसरी चालणारही नाही. आमचं शेत गेलं. ते एका पत्रकामुळे गेलं आणि एका नारळामुळे गेलं. दोन्ही वेळा माझ्या बापाने आज्ञाच पाळली होती.

आमचं गाव पेणच्या खाडीकडच्या अंगाला. भरती आली की खाडीचं पाणी आमच्या भातापेक्षा वर चढतं. मधे असतो फक्त चिखलाचा बांध. तो फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे धड गवतही येत नाही. म्हणून आमच्याकडे बांध कुणा एकाचा नसतो. त्याचे वाटे केलेले असतात, प्रत्येक घराला एक. वाट्यातली खेकड्यांची बिळं बुजवायची, खचलेली जागा भरायची, आणि उधाणाच्या दिवशी भरती ओसरेपर्यंत आपल्या वाट्यावर उभं राहायचं. बीळ दिसलं की त्यात चिखलाचा गोळा घालून टाचेने दाबायचा. बाबांची उजवी टाच त्यामुळे कायम भेगाळलेली असायची.

बाबा विश्वासात आले, म्हणजे ख्रिस्ती झाले, ते माझ्या लहानपणी, एका मोठ्या दुखण्यातून उठल्यावर. गावाने तेव्हा फार काही केलं नाही. प्रभू राजा होऊन परत येणार आहे, असं बाबा सगळ्यांना सांगायचे, त्याची टिंगल झाली. बाबांचा चुलतभाऊ, ज्यांना मी काका म्हणते, ते चारचौघांत हाक मारायचे, "काय रं, आला का तुझा राजा?" बाबा म्हणायचे, "येतंय. वाटंत हाय." काका म्हणायचे, "पेणच्या फाट्यावर ट्राफिकमधी अडकला आसंल." सगळे हसायचे, बाबाही हसायचे. त्या दिवसांत ते पुरेसं होतं. गावच्या देवाच्या वर्गणीच्या जागी बाबा देवळासमोरचा रस्ता झाडून द्यायचे, पालखीच्या आधी. आत जायचे नाहीत. गावाने तेही चालवून घेतलं.

मग ते पत्रक आलं. विश्वासणाऱ्याने तिथ्या पाहू नयेत, असं त्यात होतं. शुभ दिवस नाही, अशुभ दिवस नाही, अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, सगळे दिवस प्रभूचे. मला आजही ते खरं वाटतं. बाबांनी ते एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, परत वाचलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तांदळाच्या पिंपामागे ठेवून दिलं. आईने विचारलं, आता गॅसची तारीख कुठे लिहू? बाबा म्हणाले, दारावर लिही.

पण खाडीला पत्रक कोण वाचून दाखवणार? अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यापुढच्या दोन दिवसांत उधाण येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती ढिली. आमच्याकडे मुलं पाढ्यांआधी हे शिकतात. बाबांना तर ते अंगात भिनलेलं होतं, कॅलेंडर असो वा नसो. फक्त त्या दिवसापासून त्यांना ते बोलायची लाज वाटू लागली. तिथीचं नाव काढणं म्हणजे मागे वळून पाहणं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

भादवा सरत आला होता. भात पोटरीतून बाहेर आलं होतं. वरसेच्या भक्तीत पाळकांनी जाहीर केलं की येत्या रविवारी दिवसभर उपास-प्रार्थना होईल, प्रभूच्या येण्यासाठी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी खोली सोडायची नाही. पाळक रोह्याच्या एका केमिकल कंपनीत काँट्रॅक्टवर होते आणि त्यांना त्या रविवारी सुट्टी मिळत होती. मूळचे ते आत डोंगराकडचे. त्यांच्या गावात पाणी फक्त वरून येतं. तो रविवार अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी होता. बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी तोंड मिटलं.

गाडीत आई म्हणाली, "उधान हाय त्या दिवशी. आपला वाटा?"

"मंग काय सांगू?" बाबा म्हणाले. "आमावास्या हाय म्हनून राजाची वाट बघायला येत नाय, आसं सांगू?"

काकांना सांगितलं असतं तर त्यांनी आपल्या पोराला आमच्या वाट्यावर उभं केलं असतं. पण सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि त्यावर हसू झालं असतं. बाबा त्या रविवारी उजाडताच बांधावर गेले, एकेक बीळ बुजवलं, सगळा वाटा पायाखालून घातला. मग हात धुऊन प्रार्थना केली आणि आम्ही गाडी पकडली.

त्या दिवशी वरसेच्या खोलीत आम्ही काय मागितलं ते मला लख्ख आठवतं. आम्ही मागितलं, राज्य येऊ दे. बाबा गुडघ्यांवर होते, डोळे मिटलेले, कपाळ जवळजवळ फरशीला टेकलेलं. दुपारी ऊन कडक होतं, पंखा बंद होता, आणि भरतीची वेळ झाली तेव्हा त्यांनी एकदा डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं. मग पुन्हा मिटले.

संध्याकाळी गावात शिरलो तर माणसं वाटेवर उभी होती आणि कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. खांड पडली होती. बांधात बैलगाडी जाईल एवढं भगदाड, बरोब्बर आमच्या वाट्यात. आमचं भात पाण्याखाली होतं आणि पाणी पुढे चार-पाच जणांच्या शेतांत पसरलं होतं. फार काही आवाज नव्हता. ओहोटी लागली होती, आणि आत आलेलं पाणी त्या भगदाडातून शांतपणे परत जात होतं, जाताना कडेची माती घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर गावकी बसली. बाबा पायरीखाली उभे राहिले. मी आणि आई मागे, बायकांत. बाबांनी सबब सांगितली नाही. पाळी माझी होती, मी नव्हतो, एवढंच म्हणाले. काका खाली बघतच म्हणाले, "तुझा राजा येल तवा येल रं. उधान त्याच्या तिथीला येतं."

त्यावर कुणी हसलं नाही.

काका वाईट माणूस नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पत्रकात असं कधी लिहीत नाहीत. पत्रकात समोरचा माणूस अंधारात असतो आणि आपण उजेडात. काकांचंही शेत त्या पाण्यात होतं. तरी त्यांनी गावाच्या वतीने जो मार्ग सांगितला तो त्यांच्या दृष्टीने सोपा होता, मायेचासुद्धा. खांड बुजवायला सगळा गाव उतरेल. भांगाचे दिवस येतायत, पौर्णिमेच्या उधाणाआधी काम होईल. फक्त रीत आहे ती पाळायची. ज्याच्या वाट्यात खांड पडली, त्याने चिखलाच्या पहिल्या ढेपेआधी खाडीला नारळ फोडायचा आणि चुकलो म्हणायचं. त्याशिवाय खांडीच्या ओढीत कुणी पाय घालत नाही. एकदा एक माणूस असाच ओढीत गेला होता. म्हाताऱ्यांना तो आठवत होता.

बाबा म्हणाले, मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो, एकेकाच्या दारात येऊन मागतो. खांडीत पहिला मी उतरतो. नारळ दुसऱ्या कुणी फोडा.

काका म्हणाले, "तुझ्या वाट्याची खांड. तुझी माफी मी कशी मागू?"

नाही फोडला तर काय, तेही गावकीने तेव्हाच सांगून टाकलं. मग खांड बुजवायची नाही. आमच्या शेताच्या मागून, काकांच्या बांधावरून सरळ, नवा आतला बांध घालायचा. तो आखूडही होईल आणि ओढीत उतरावं लागणार नाही. आमचं शेत बांधाबाहेर राहील. पाणी त्याचं, खाडी त्याची. अष्टमीच्या सकाळी काम सुरू होणार होतं. तोपर्यंत बाबांनी ठरवायचं.

घरात त्या दिवसांत कसं होतं, ते सांगता येणार नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. आईने आमच्याच माडाचा नारळ उतरवून घेतला, सोलला, आणि चुलीजवळ ठेवला. नारळ तिथे असायचा, आम्ही जेवायचो तेव्हा मधे. बाबांनीही तो उचलून बाजूला ठेवला नाही.

आई विश्वासात आली ती बाबांच्या मागून, जशी ती सासरी आली. गाणी तिला आवडायची, वरसेची माणसंही. पण ते शेत तिने लावलं होतं, दरवर्षी, कंबरेत वाकून, आणि खाऱ्या जमिनीतल्या त्या लाल तांदळाची भाकरी आम्ही खात होतो. एका जेवणात ती म्हणाली, "एका नारलानं देवाचं राज्य आडतंय व्हय?"

बाबा म्हणाले, "राज्य नाय आडत गो. मी आडतंय."

"मंग तू आडून बस. पोरीनं काय खायाचं?"

मी मधे बोलले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला वाक्य तयार असायचं. मी म्हणाले की आज नारळ, उद्या कोंबडा, परवा गुडघे, तडजोडीला तळ नसतो. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "तुला पत्रकं रांधून घालीन हो बाय, मीठ लावून. मीठ आता लई हाय आपल्याकडं."

ती जे म्हणाली त्याला मला आजही उत्तर सुचलेलं नाही. आणि मी जे म्हणाले ते मला आजही खरं वाटतं.

मधल्या वारी बाबा मला घेऊन वरसेला गेले. पाळक शिफ्टवरून नुकतेच आले होते, तोंडावर थकवा होता, कपड्यांना कंपनीचा वास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाबांचा हात धरला. म्हणाले, ठाम राहा, झुकू नका. प्रभू दाराशी आहे. जिथे जग निघून जाणार तिथे एका शेताचं काय घेऊन बसलात?

बाबांनी विचारलं, "त्यो येईपर्यंत बांधाचं काय करायचं?"

पाळकांना प्रश्न समजला नाही. ते म्हणाले, प्रार्थना करा. मग त्यांनीच प्रार्थना केली, मनापासून, लांब. पण अमावास्येच्या त्या रविवाराबद्दल बाबांनी त्यांना एक शब्द सांगितला नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. मला ओरडावंसं वाटलं की तुमची सुट्टी होती म्हणून तो रविवार होता, आणि आमचं उधाण होतं म्हणून आम्ही बुडालो. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवली, नको म्हणून.

परतीच्या गाडीत नागोठणं गेलं. मग बाबा माझ्याशी नाही, खिडकीशी बोलल्यासारखं म्हणाले, "धनी परत येल तवा चाकराला काय विचारील? माजी वाट बघत व्हतास का, आसं नाय विचारनार. तुला दिलेला वाटा कुठाय, आसं विचारील."

मी म्हणाले, वाटा तर गेला.

"व्हय," बाबा म्हणाले. "माज्यापायी गेला."

अष्टमीच्या सकाळी आईने नारळ पदराखाली घेतला आणि बाबांच्या मागे निघाली. मीही. गाव आमच्या शेतामागे जमला होता. काका पुढे आले. बाबांचे हात रिकामे होते. काकांनी आईच्या पदराकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, बाबांनी नाही म्हटलं नाही. सगळ्यांना कळलं. काकांनी वळून हात केला, आणि फावडी चालू झाली.

आमच्याकडे बांध घालताना रांग करतात. खणलेल्या चिखलाची ढेप एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, अशी बांधापर्यंत जाते. घरटी एक माणूस. मला वाटलं आता आपण घरी जायचं. घरी जायचं आणि दार लावून घ्यायचं. पण बाबांनी लेंगा गुडघ्याच्या वर खोचला आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

ज्या बांधाने त्यांचं शेत बाहेर टाकायचं होतं, त्या बांधाच्या रांगेत.

काका म्हणाले, "तुझं काय काम हितं?"

"घरटी येक मानूस," बाबा म्हणाले. "माजं घर हाय गावात."

त्यांच्या अलीकडे काकाच होते. पहिली ढेप आली तेव्हा काकांनी ती बाबांच्या हातात दिली नाही. जमिनीवर ठेवली. बाबांनी वाकून ती उचलली आणि पलीकडच्या माणसापुढे धरली. त्याने घेतली नाही. बाबांनी ती त्याच्या पायांपुढे ठेवली. असं बराच वेळ चाललं. प्रत्येक ढेपेला बाबांचं वाकणं, उचलणं, वाकणं, ठेवणं. रांग त्या जागी अडखळत होती. चिखल ओला होता, जमिनीवर ठेवला की पसरायचा, अर्धा तिथेच राहायचा. मागून कुणीतरी करवादलं, अशानं पौर्णिमेपर्यंत बी नाय व्हायाचा, हातात द्या रं.

ऊन वर आलं तसं ते आपोआप झालं. दमलेला माणूस वाकत नाही. काकांच्या हातातून ढेप बाबांच्या हातात गेली, बाबांच्या हातातून पुढे. मला क्षणभर वाटलं की आता काहीतरी बदलेल, कुणीतरी म्हणेल, चला, खांडच बुजवू. पत्रकांच्या शेवटी नेहमी असं काहीतरी होतं. मी वाट पाहिली. बांध वर चढत गेला आणि आमच्या शेतावरून गावाचं दिसणं एकेक ढेप कमी होत गेलं.

आई माझ्याशेजारी उभी होती. नारळ तिने कधी खाली ठेवला ते मी पाहिलं नाही. ती गेली आणि बायकांच्या रांगेत उभी राहिली, चिखल तुडवायला. मग मीही गेले. विश्वासाने गेले असं म्हणणार नाही. रागाने गेले. तेवढाच चिखल मी देवाला तुडवून दाखवत होते.

पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आलं आणि नव्या बांधाला टेकलं. बांध टिकला. आमचं शेत पाण्याखाली गेलं, मग उघडं पडलं, मग पुन्हा गेलं, आणि आता ते खाडीच आहे. जिथे आई लावणी करायची तिथे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं उभी राहिली. बाबा डोलवीच्या कंपनीत काँट्रॅक्टवर झाडलोट करायला जातात. बिळं बुजवायची टाच आता बुटात असते.

आमचं शेत राहिलं नाही म्हणून आम्हाला नव्या बांधाचा वाटा नव्हता. तो बाबांनी गावकीकडे मागून घेतला. लोकांना वाटलं, डोकं फिरलं. ज्या बांधामागे आपली वीतभर जमीन नाही, तो कोण राखतं? काका म्हणाले, घे बाबा, तुला हौस. त्यांच्या आवाजात टिंगल होती का, ते मला नक्की कळलं नाही. खांड पडल्यापासून ते राजाबद्दल विचारत नाहीत.

मग बाबांनी पिंपामागचं कॅलेंडर शोधलं. ते जुनं झालं होतं. त्यांनी नवं आणलं, त्याच खिळ्याला लावलं, आणि पुढच्या रविवारी वरसेला पाळकांना सांगितलं की अमावास्या-पौर्णिमेच्या अंगाला रविवार आला तर मी येणार नाही, बांधावर पाळी असते. पाळकांनी बाबांसाठी प्रार्थना केली, जगाच्या ओढीतून सुटका व्हावी म्हणून. बाबांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. गावाने बाबांना बांधाबाहेर टाकलं होतं, आणि मंडळीने त्या दिवशी तेच केलं, फक्त डोळे मिटून.

तेव्हापासून उधाणाच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर बांधावर जाते. बाबांची कंपनीत शिफ्ट लागली तर एकटी जाते. त्या रविवारी वरसेला आई एकटी जाते, तिला गाणी आवडतात म्हणून. मी पत्रकं वाटत नाही. मी त्यांच्या विरोधात नाही. तो येणार हे मला आजही खरं वाटतं, आणि इतकं सगळं खारं झाल्यावर त्याने अजून का येऊ नये, हे मी त्याला दर उधाणाला विचारते, मोठ्याने, तिथे ऐकायला कुणी नसतं म्हणून.

गेल्या उधाणाला बाबा शिफ्टवर होते. भर दुपारी पाणी चढत होतं, आमच्या बुडालेल्या शेतावरून थेट माझ्या पायांकडे. आतल्या बाजूला, तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन गेल्यावर, काकांचं भात पुन्हा पिवळं होत आलं होतं. बांधाच्या कुशीत मला एक बीळ दिसलं, ताजं, तोंडाशी ओली माती. मी चिखलाचा गोळा घेतला, आत घातला आणि टाचेने दाबला. मग पुढच्याकडे गेले.